ऐकणाऱ्यांचा इतिहास : परमुलखातील जमैकन वस्त्या आणि रेगे

१९५० च्या दशकात लंडनला किंवा बर्मिंगहॅमला पोटासाठी आलेल्या जमैकन माणसापुढे शनिवारची संध्याकाळ हा खराखुरा प्रश्न होता. आठवडाभर बस डेपोत, फाउंड्रीत, हॉस्पिटलात राबून हातात पगार पडलेला असे. पण तो घेऊन जायचे कुठे? पुष्कळ पबमध्ये पाऊल ठेवताच नजरा वळत, डान्स हॉलच्या दारावर काही ना काही सबब सांगून परत पाठवत, आणि भाड्याच्या खोल्यांच्या पाट्यांवर तर काळ्या माणसाने विचारूच नये असे उघड लिहिलेले असे. मग ज्याला कुणाला घराचे तळघर किंवा दर्शनी खोली मिळालेली असेल तो सामान बाजूला सारी आणि दारात नाममात्र पैसे घेई. आत बोकडाच्या मटणाची करी आणि भात शिजे, आणि भिंतीशी उभ्या केलेल्या पुरुषभर उंचीच्या स्पीकरमधून पहाटेपर्यंत रेकॉर्डी वाजत. या घरगुती नाचांना ‘ब्लूज’ म्हणत. परमुलखातल्या रेगेचा अभ्यास करू पाहणाऱ्याने पहिल्यांदा याच खोलीत यावे, असे माझे सांगणे आहे.

त्या खोलीत गायक नसे, बँडही नसे. गाणी तबकड्यांवर असत, आणि त्या लावणारा माणूस कोणती तबकडी कधी काढतो, कुठे उचलून पुन्हा पहिल्यापासून लावतो, यावर रात्र जमे किंवा बिघडे. परदेशांतल्या जमैकन वस्त्यांमधल्या रेगेचा इतिहास मुख्यतः ऐकणाऱ्यांचा इतिहास आहे, ही गोष्ट या प्रस्तावनेत मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. या माणसांनी ऐकण्यासाठी जागा मिळवल्या, यंत्रे बांधली, दुकाने थाटली, प्रसंगी तुरुंग पाहिला. आणि त्या जागांच्या, त्या यंत्रांच्या गरजेतून पुढचे संगीत घडत गेले. बॉब मार्लीचे मोठेपण वादातीत आहे. पण त्याच्या दारातून आत शिरलेला वाचक थेट स्टेडियममध्ये पोचतो आणि ही खोली पाहायची राहून जाते.

एक समज सुरुवातीलाच दूर करायला हवा. देशांतर करणारा माणूस आपले संगीत बरोबर नेतो, असे आपण धरून चालतो, आणि पुष्कळदा ते खरेही असते. आपल्याकडचे गिरमिटिये चौताल आणि बिरहा घेऊन त्रिनिदाद-सुरिनामला गेले. रेगेचे तसे झाले नाही. २२ जून १९४८ रोजी ‘एम्पायर विंडरश’ या बोटीतून वेस्ट इंडीजचे उतारू टिलबरीच्या धक्क्यावर उतरले तेव्हा रेगे अस्तित्वातच नव्हते. स्का यायला दहा-बारा वर्षे अवकाश होता, त्याला संथ करणारे रॉकस्टेडी १९६६ च्या सुमारास आले, आणि रेगे हे नाव आणि ती चाल १९६८ मध्ये रूढ झाली. विंडरशच्या पिढीने बरोबर नेले ते मेंटो, कॅलिप्सो आणि अमेरिकन रिदम अँड ब्लूजचे वेड. रेगे मागाहून गेले, तबकड्यांच्या खोक्यांतून. ६ ऑगस्ट १९६२ रोजी स्वतंत्र झालेल्या एका छोट्या बेटाचे नवे संगीत जसजसे घडत होते, तसतसे ते लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये आणि बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थमध्ये ऐकले जात होते. ज्या मुलांनी जमैका कधी पाहिलाही नव्हता, त्यांनी ते आपले म्हणून निवडले. वारसा म्हणून मिळालेली वस्तू आणि निवडलेली वस्तू यांत फरक असतो. त्यांनी ही निवड का केली, हा या अभ्यासक्षेत्राच्या गाभ्याचा प्रश्न आहे.

कोणत्या शहराच्या वाट्याला कोणते रेगे आले, हे बऱ्याच अंशी कायद्यांनी ठरवले. १९४८ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्याने वसाहतींतल्या प्रजेला ब्रिटनमध्ये येऊन राहण्याची मुभा दिली. १९५२ मध्ये अमेरिकेने मॅकरन-वॉल्टर कायदा करून वेस्ट इंडियन लोकांची वाट अरुंद केली, त्यामुळे एरवी न्यूयॉर्ककडे गेला असता असा लोंढा लंडनकडे वळला. १९६२ मध्ये ब्रिटनने आपले दार लोटून घेतले. १९६५ मध्ये अमेरिकेने आणि १९६७ मध्ये गुणपद्धत आणून कॅनडाने ते उघडले. याचा परिणाम रेकॉर्डींमध्ये ऐकू येतो. लंडनच्या वस्त्या स्का ऐकत स्थिरावल्या आणि त्यांची मुले सत्तरीतल्या रूट्स रेगेवर वाढली. टोरोंटोला रॉकस्टेडीच्या काळातले कसलेले वादकच राहायला गेले. न्यूयॉर्कची मोठी लाट त्यानंतरची, म्हणून तिथे रेगेच्या पुढच्या, डान्सहॉल या अवताराचे पारडे जड. आराखडा ढोबळ आहे, पण नवख्याने तो जवळ ठेवावा. आणि कायदा हा विषय जुना झालेला नाही, हेही ध्यानात असू द्यावे : २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या ‘विंडरश’ प्रकरणात, आयुष्यभर ब्रिटनमध्ये कष्ट केलेल्या माणसांना कागद नाहीत म्हणून नोकऱ्या, उपचार आणि कित्येकांना तर देशही गमवावा लागला. त्यांच्या आगमनाच्या नोंदी असलेली कार्डे सरकारी खात्यानेच २०१० मध्ये नष्ट केली होती.

आता साउंड सिस्टिमकडे येऊ. इथे थोडे रेंगाळायला हवे, कारण बाकी सगळे इथून फुटते.

विन्सेंट फोर्ब्ज किंग्स्टनमध्ये टॉम द ग्रेट सेबॅस्टियन यांच्या साउंडवर रेकॉर्डी लावत. १९५४ मध्ये ते बोटीत लपून इंग्लंडला आले आणि पुढच्याच वर्षी, ‘ड्यूक विन’ या नावाने, त्यांनी पश्चिम लंडनमध्ये ब्रिटनमधले पहिले साउंड उभे केले. घरगुती रेडिओग्राम नाचाला पुरणारे नव्हते. त्यांतून गाणे कानापर्यंत येई, पण बास पोटापर्यंत येत नसे. वस्तीत सुतार होते, वायरमन होते, रेडिओ दुरुस्त करणारे होते. त्यांनी कपाटाएवढी लाकडी खोकी ठोकली, त्यांत पंधरा-अठरा इंची स्पीकर बसवले, तापून तांबडे होणाऱ्या व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर जुळवले. पुढे त्यात प्री-अ‍ॅम्प आला, ज्यावर बास, मधला आवाज आणि तार आवाज वेगवेगळे तोडता-जोडता येत. सिलेक्टर तबकड्या निवडे, ऑपरेटर बटणांवर बसे, माइकवरचा एमसी गाण्याच्या मोकळ्या जागेत बोले, आणि बॉक्स-बॉय म्हणवणारी पोरे ही अवजड खोकी व्हॅनमधून काढून जिन्याखाली उतरवत. अनेक साउंड म्हणजे मित्रांनी आणि भावाभावांनी पदरचे पैसे घालून उभा केलेला संसार होता. बँका दारात उभे करत नसताना याच समाजाने ‘पार्डनर’ नावाच्या आपल्या भिशीतून घरांच्या पहिल्या रकमा उभारल्या होत्या. ती सवय इथेही कामी आली.

हे यंत्र आणि ही लय एकमेकांसाठी घडली. आपल्या कानाला समेवर ठोका हवा असतो. रेगेच्या ‘वन ड्रॉप’मध्ये ड्रमवाला पहिली मात्रा रिकामी सोडतो आणि किक व स्नेअर तिसरीवर एकत्र पाडतो, गिटार दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर आखूड कापत जाते, आणि या सगळ्यातून गाण्याची खरी चाल सांभाळतो तो बास. छोट्या स्पीकरवर हे संगीत पातळ वाटते, ते याच कारणाने. किंग ट्यूबी या किंग्स्टनच्या विद्युत-दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने गाण्यातून गळा काढून घेतला, ड्रम आणि बास उघडे केले, त्यावर प्रतिध्वनी सोडले आणि डबचा पाया घातला. या डबला लंडनच्या तळघरांत जे भक्त मिळाले, ते त्याला घडवणाऱ्यांच्या बरोबरीचे आहेत, असे मी मानतो. लहानपणी जमैकाहून आलेल्या जाह शाका यांनी दक्षिण लंडनमध्ये सत्तरीच्या दशकापासून आपले साउंड चालवले, २०२३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत. इतरांकडे दोन टर्नटेबल असताना ते एकावरच वाजवत. एक तबकडी संपून दुसरी लागेपर्यंत सभागृहात जी पोकळी येई, तीही त्या रात्रीचा भाग असे.

आणि डबप्लेट. अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा थर, त्यावर एखाद्या गाण्याचे एकाच साउंडसाठी कापलेले रूप. कारखान्यातली तबकडी हजारोंनी निघे, डबप्लेट एकुलती एक. सुई फिरेल तशी ती झिजे, काही डझन वेळा वाजली की तिचा तजेला जाई. दोन साउंड एका हॉलमध्ये समोरासमोर आली की ज्याच्याकडे न ऐकलेली डबप्लेट, त्याची सरशी. याचा अर्थ असा की या समाजाच्या सर्वांत मौल्यवान ध्वनिमुद्रिका मुळातच टिकण्यासाठी केलेल्या नव्हत्या. त्या रात्रींच्या, श्रोत्यांनी भरलेल्या कॅसेटी मात्र हातोहात फिरल्या; लंडनची टेप बर्मिंगहॅमला, तिथून किंग्स्टनला आणि ब्रुकलिनला. संशोधकाला दुकानातल्या रेकॉर्डींइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, या खरखरणाऱ्या कॅसेटींचा आधार घ्यावा लागतो.

व्यापाराची हकीकत आटोपशीर सांगतो, कारण ती इतरत्र सहज मिळते. १९६० मध्ये मेलोडिस्क कंपनीने ‘ब्लू बीट’ हे लेबल काढले. १९६२ मध्ये क्रिस ब्लॅकवेल ‘आयलंड’ घेऊन लंडनला आले आणि मिनी मोटारीत रेकॉर्डी भरून वस्त्यांतली दुकाने फिरले. १९६४ मध्ये मिली स्मॉल या सोळा वर्षांच्या जमैकन मुलीचे ‘माय बॉय लॉलिपॉप’ ब्रिटिश यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचले. १९६८ मध्ये ‘ट्रोजन’ उभे राहिले. त्याचे एक संस्थापक ली गोपथल हे हिशेबनीस, जन्माने जमैकन आणि वंशाने भारतीय. १८४५ ते १९१७ या काळात ३६ हजारांच्या आसपास भारतीय मजूर, बहुतांशी आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे, जमैकाच्या उसाच्या मळ्यांत नेले गेले होते, त्यांच्या वंशजांपैकी ते. ‘ब्लूज’च्या रात्री शिजणाऱ्या करीचे मूळही त्याच मजुरांच्या चुलींपाशी आहे. न्यूयॉर्कच्या बाजूला असेच दुसरे घर दिसते. किंग्स्टनच्या नॉर्थ परेडवर व्हिन्सेंट चिन आणि पॅट्रिशिया चिन यांचे ‘रँडीज’ हे दुकान होते. व्हिन्सेंट पूर्वी ज्यूकबॉक्सची देखभाल करत आणि त्यातून उतरवलेल्या जुन्या तबकड्या विकत, तिथून धंद्याची सुरुवात झाली. १९७९ मध्ये या चिनी-जमैकन दांपत्याने क्वीन्समध्ये ‘व्हीपी’ सुरू केली, जी पुढे रेगेतली फार मोठी कंपनी झाली. पॅट्रिशियाबाईंचे वडील भारतीय वंशाचे. रेगे ही निव्वळ आफ्रिकन वंशाच्या लोकांची निर्मिती आहे असे म्हणणारे आणि तिला सगळ्या जगाची बिनधनी मालमत्ता मानणारे, दोघांनीही या दोन दुकानांचा विचार करावा. आणि याच व्यापारात किंग्स्टनच्या गायक-वादकांना त्यांच्या हक्काचे पैसे अनेकदा मिळाले नाहीत, हे कोणत्याही कौतुकाच्या ओघात विसरता कामा नये.

सत्तरीत मुले मोठी झाली. ब्रिटनमध्येच जन्मलेली किंवा शाळकरी वयात आलेली ही पिढी आईबापांसारखी मान खाली घालून चालायला तयार नव्हती. पोलिसांच्या हाती १८२४ चा भटक्यांविरुद्धचा कायदा होता. त्याच्या एका कलमाखाली, ज्याला सगळे ‘सस’ म्हणत, केवळ संशयावरून रस्त्यावरच्या तरुणाला उचलता येई. साउंड जिथे लागे तिथे हे तरुण जमत, म्हणून पोलीसही तिथे येत. १९७४ मध्ये क्रिकलवुडच्या करिब क्लबमध्ये साउंडची झुंज रंगात असताना धाड पडली, धुमश्चक्री उडाली आणि ‘सफरर’ साउंड चालवणारे डेनिस बोव्हेल यांच्यावर जमावाला चिथावल्याचा ठपका आला. बार्बाडोसमध्ये जन्मलेले हे वादक सहा महिने तुरुंगात राहून अपिलात सुटले. त्यांचे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. १९७५ च्या आसपास हँड्सवर्थमधून ‘स्टील पल्स’ आणि लॅडब्रोक ग्रोव्हमधून ‘अस्वाद’ हे बँड निघाले. १९७८ च्या ‘हँड्सवर्थ रेव्होल्यूशन’ या अल्बमच्या नावात किंग्स्टन नाही, बर्मिंगहॅमचा मोहल्ला आहे. इथल्या रस्त्याबद्दल, इथल्या आवाजात हे बँड गाऊ लागले होते. फ्रँको रोसो यांचा ‘बॅबिलॉन’ हा १९८० चा चित्रपट याच मुलांचा. त्याला ब्रिटनमध्ये प्रौढांपुरते प्रमाणपत्र मिळाले आणि अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत तो लागायला २०१९ उजाडले.

मराठी वाचकाला लिंटन क्वेसी जॉन्सन यांच्यापाशी थांबावेसे वाटेल. जन्म १९५२, जमैकातल्या क्लॅरेंडन परगण्यातला. १९६३ मध्ये आईपाशी लंडनला. शाळेत असतानाच ब्रिटिश ब्लॅक पँथरमध्ये. तिथल्या ग्रंथसंग्रहात त्यांना डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांचे पुस्तक सापडले आणि ते कवितेकडे वळले. जमैकन बोलीत, रेगेच्या बासवर तोललेली त्यांची कविता आधी सभांमध्ये, मग १९७८ पासून बोव्हेल यांच्या संगीतासह रेकॉर्डींवर आली. ज्या ओकलंडच्या संघटनेवरून ‘पँथर’ हे नाव लंडनने घेतले, तिच्याचवरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने घेतले. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ही १९७२ चाच. दोन्ही कवींनी प्रतिष्ठित भाषेला वळसा घालून वस्तीची बोली छापील पानावर आणली. दोघांची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती सावधपणे करावी. जॉन्सन यांची ओळ बासवर उभी आहे, ती काढून घेतली तर तिचे वजन बदलते. ढसाळांची ओळ कोणत्याही वाद्याच्या आधाराशिवाय चालते. याहून ठोस दुवा पुण्याचा आहे. पुण्यात जन्मलेले लेखक फारुख धोंडी लंडनच्या ब्लॅक पँथरमध्ये होते आणि पुढे डार्कस हाऊ यांच्या ‘रेस टुडे’ या गटात जॉन्सन यांचे सहकारी होते. १९७४ मध्ये जॉन्सन यांचे पहिले पुस्तक याच ‘रेस टुडे’ने काढले.

१८ जानेवारी १९८१ च्या पहाटे न्यू क्रॉस भागात एका घरात वाढदिवसाची पार्टी चालू असताना आग लागली आणि तेरा काळी मुले-मुली गेली. म्हणजे ऐकण्याची खोलीच जळाली. आगीचे कारण आजवर निर्णायकपणे ठरलेले नाही. २ मार्चला हजारो लोक निषेध म्हणून लंडनच्या रस्त्यांवरून चालत गेले, एप्रिलमध्ये ब्रिक्स्टन पेटले, आणि त्याच वर्षी ‘सस’चे कलम रद्द झाले. या काळातल्या रेकॉर्डी ऐकताना हा क्रम जवळ असावा, नाहीतर त्यांतला राग हा संगीतातला अलंकार वाटू लागतो.

पण केवळ राग ऐकणाऱ्याला अर्धाच समाज भेटतो. इथे मला एक गाऱ्हाणे मांडायचे आहे. या क्षेत्रातल्या जुन्या लेखनाला प्रतिकार दिसला, प्रेम दिसले नाही. लव्हर्स रॉक हा रेगेचा प्रकार लंडनमध्ये जन्मला, तो प्रामुख्याने मुलींनी गायला आणि मुलींनी विकत घेतला, आणि म्हणूनच, मला वाटते, अभ्यासकांनी त्याला फारसे गंभीरपणे घेतले नाही. १९७५ मध्ये पंधरा वर्षांच्या लुइसा मार्कने ‘कॉट यू इन अ लाय’ गायले. साउंड चालवणारे लॉइड कॉक्सोन त्याचे निर्माते. त्यानंतर डेनिस हॅरिस यांनी दक्षिण लंडनमध्ये ‘लव्हर्स रॉक’ हे लेबलच काढले. सोलचा गोड गळा आणि खाली तोच जड बास. १९७९ मध्ये जॅनेट के यांचे ‘सिली गेम्स’ ब्रिटिश यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. रचना आणि निर्मिती डेनिस बोव्हेल यांची, ज्यांना पाच वर्षांपूर्वी दंगलखोर ठरवले होते. त्या गाण्यात एक स्वर इतका उंच जातो की नाचणाऱ्या मुली तो गाठण्यासाठी एकमेकींशी पैज लावत. २०२० मध्ये स्टीव्ह मॅक्क्वीन यांनी ‘लव्हर्स रॉक’ चित्रपटात तो क्षण असा दाखवला आहे : रेकॉर्ड संपते, पण खोली थांबत नाही, वाद्यांविना सगळे मिळून गात राहतात. ऐकणारेच गाणे होतात. ‘ब्राउन शुगर’ या मुलींच्या त्रयीतल्या कॅरन व्हीलर पुढे ‘सोल टू सोल’मध्ये गेल्या, आणि ‘सोल टू सोल’ही मुळात एक साउंड सिस्टिमच होते. ब्रिटिश लोकप्रिय संगीताचा केवढा तरी भाग या दुर्लक्षित मुलींच्या दर्शनी खोलीतून गेला आहे.

प्रवाह उलटही वाहिला. दक्षिण लंडनमधल्या लुइशमच्या ‘सॅक्सन’ साउंडवरच्या एमसींनी माइकवर अतिवेगाने बोलण्याची शैली कमावली, आणि १९८४ मध्ये त्यांच्यातल्या पापा लेव्हाय यांची तबकडी थेट जमैकाच्या यादीत पहिली आली. मुलांनी आजोळाला काहीतरी शिकवले होते.

टोरोंटो आणि न्यूयॉर्कचा पसारा स्वतंत्र ग्रंथाचा आहे. किंग्स्टनच्या स्टुडिओ वनचे ऑर्गनवादक जॅकी मिटू आणि ‘हेप्टोन्स’ या गटाचे गायक लेरॉय सिबल्स टोरोंटोला स्थायिक झाले, पण त्या शहराने त्यांना साजेसा उद्योग उभा केला नाही. तिथला मोठा आवाज मला डब कवयित्री लिलियन अ‍ॅलन यांचा वाटतो; १९८६ मध्ये ‘रेव्होल्यूशनरी टी पार्टी’साठी त्यांना जूनो पुरस्कार मिळाला आणि २०२३ मध्ये टोरोंटोने त्यांना आपली राजकवयित्री नेमले. एग्लिंटन पश्चिम रस्त्यावरच्या ‘लिटल जमैका’तली रेकॉर्डींची दुकाने आणि केशकर्तनालये २०११ मध्ये सुरू झालेल्या आणि दशकाहून अधिक रखडलेल्या रेल्वेच्या खोदकामाने पिळवटून निघाली. ब्राँक्समध्ये लॉइड बार्न्स यांच्या ‘वॅकीज’ स्टुडिओत धूसर, खोल आवाजाचे एक वेगळेच रेगे तयार झाले. त्याच ब्राँक्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ रोजी, किंग्स्टनहून बारा वर्षांचा असताना आलेल्या क्लाइव्ह कॅम्पबेलने, म्हणजे डीजे कूल हर्कने, बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या आणि हिप-हॉपची नांदी झाली. त्याच्या श्रोत्यांना रेगे नको होते, फंक हवे होते. त्याने तबकड्या बदलल्या, साउंड तेच ठेवले. संगीत न पोचताही त्याची रीत पोचते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

अभ्यासकांबद्दल थोडे. किंग्स्टनमध्ये जन्मलेले स्टुअर्ट हॉल यांनी बर्मिंगहॅमला ज्या अभ्यासकेंद्राला आकार दिला, त्यातून डिक हेब्डिज आणि पॉल गिलरॉय आले. गिलरॉय यांच्या ‘द ब्लॅक अटलांटिक’ने (१९९३) राष्ट्राच्या चौकटीऐवजी समुद्राच्या दळणवळणावर बोट ठेवले. वाचायला सुरुवात मात्र तिथून करू नये. ज्यूलियन हेन्रिक्स यांचे साउंड सिस्टिमवरचे ‘सॉनिक बॉडीज’ आणि स्वतः माइकवर उभे राहिलेले विल्यम ‘लेझ’ हेन्री यांचे डीजेंवरचे पुस्तक आधी घ्यावे. त्यांत खोलीतली ऊब आहे. अप्रिय गोष्टींनाही सामोरे जावे. डान्सहॉलमधल्या समलिंगी लोकांविरुद्धच्या हिंसक गाण्यांवरून ब्रिटनमध्ये दीर्घ संघर्ष झाला, आणि तो परक्यांनी लादलेला होता असे म्हणून सुटका होत नाही, कारण त्या वस्त्यांत समलिंगी माणसेही राहत होती आणि नाचत होती.

आपल्या बाजूने या क्षेत्रात करण्याजोगे काय आहे? गोव्यात २०१६ मध्ये ‘गोवा सनस्प्लॅश’ हा रेगे महोत्सव सुरू झाला, आणि भारतात बांधलेली साउंडही आता वाजतात. त्याची नोंद कोणीतरी घ्यावीच. पण मला अधिक निकडीचे वाटते ते साउथॉल. पश्चिम लंडनच्या या पंजाबी वस्तीत ‘मिस्टी इन रूट्स’ हा रेगे बँड वाढला आणि ‘पीपल युनाइट’ ही त्याची सहकारी संस्था चालली. २३ एप्रिल १९७९ रोजी नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाच्या सभेला विरोध करायला आशियाई आणि काळे लोक एकत्र रस्त्यावर आले. त्या दिवशी ब्लेअर पीच हे शिक्षक मारले गेले, संस्थेच्या घरात घुसून पोलिसांनी वाद्यांची मोडतोड केली आणि बँडचे व्यवस्थापक क्लॅरेन्स बेकर यांची कवटी फुटली. पुढे हँड्सवर्थच्या पंजाबी घरातला स्टीव्हन कपूर ‘अपाचे इंडियन’ होऊन १९९० मध्ये जमैकन ढंगात भारताबद्दल गाऊ लागला, त्यामागे अशा शेजाराची वर्षे आहेत. दरवर्षी कितीतरी मराठी विद्यार्थी लंडनला शिकायला जातात. हिंदी त्यांना येते, पंजाबी थोडीफार कळते, आणि साउथॉलच्या म्हाताऱ्यांशी त्यांच्या ओसरीवर बसून बोलणे त्यांना इंग्रज संशोधकापेक्षा सोपे जाईल. त्या दिवशी तिथे असलेली माणसे आता सत्तरीच्या घरात आहेत. संस्थेच्या पार्क व्ह्यू रोडवरच्या त्या घरात कोण कोण होते, मिस्टीच्या तालमींना कोणते पंजाबी शेजारी येत, आणि पुढे भांगड्याच्या रेकॉर्डींत जमैकन बास शिरला तो नेमका कोणाच्या हातून, हे त्यांना विचारायला हवे.